‘मांग’, ‘महार’ हे शब्द पडद्यावर येऊ द्या

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

परवा बारा वर्षांच्या भाचीबरोबर २००० सालचा ‘एक्स-मेन’ पाहिला. सुपरहिरोंची मारामारी बघायला म्हणून ती बसली. पण पहिलंच दृश्य १९४४च्या पोलंडमधलं. पाऊस, चिखल, कोटांवर पिवळ्या चांदण्या. सैनिक एका मुलाला आईवडिलांपासून ओढून नेतात. तो हात पुढे करतो आणि लोखंडी फाटक वाकू लागतं. “त्यांनी काय केलं होतं?” भाचीने विचारलं. त्या रात्री जेवताना आम्ही ज्यूंच्या छळछावण्यांबद्दल बोललो.

सुपरहिरो जन्मले तेच अशा घरांत. १९३८ साली सुपरमॅन वाचकांपुढे आणणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघेही स्थलांतरित ज्यूंची मुलं. मार्च १९४१च्या अंकावर कॅप्टन अमेरिका हिटलरला ठोसा लगावतो, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. ‘एक्स-मेन’मधला फाटक वाकवणारा मुलगा काल्पनिक आहे, पण त्याचा देश आणि साल कुणी पुसलं नाही.

आपल्याकडे २०२५मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंवरचा ‘फुले’ हा चित्रपट आला. माणसं खरी, काळ खरा. सेन्सॉर बोर्डाने त्यातून ‘मांग’, ‘महार’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सांगितले. ‘तीन हजार वर्षांची गुलामी’ची ‘कित्येक वर्षांची’ झाली.

मंत्रिमहोदय, १८५५ साली फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. विषय मांग-महारांचं दुःख. शीर्षकातच हे दोन शब्द. तालीमखान्यावरून गेलेल्या मांगा-महाराच्या शिराचा चेंडू करून गुलटेकडीच्या मैदानात खेळत, असं ती बाजीरावाच्या राज्याविषयी लिहून गेली. त्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आम्ही दर रविवारी भाजी घेतो. तिथे काय घडलं हे चौदा वर्षांच्या मुलीने ज्या शब्दांत मांडलं, ते तिच्या गुरूंच्या चित्रपटात नकोत? मला हे फार लागलं.

हे शब्द चित्रपटात पुन्हा घालण्याची मुभा निर्मात्यांना द्या. प्रत्येक कात्रीचं कारण बोर्डाने लेखी जाहीर करावं. आणि बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध जिथे दाद मागता यायची, ते २०२१मध्ये बंद केलेलं अपील न्यायाधिकरण पुन्हा सुरू करा. छोट्या निर्मात्याला दर वेळी उच्च न्यायालय परवडत नाही.

भाचीला ‘फुले’ दाखवायचा आहे. तो पुरा दाखवायचा आहे.

आपली,
पुण्यातील एक प्रेक्षक