फाशांचा फोटो आणि बाकीचं

बर्लिन

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा "बरं आहे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आई माझं वजन विचारते, म्हणून हे पत्र. तब्येत उत्तम. जाड जाकीट घेतलंय, भात रोज होतो, पाठवलेलं मेतकूट अजून आहे. ड्युटीचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते परत लिहीत नाही.

आधी आमच्या पटावरच्या खेळाच्या त्या फोटोचं. मावशीने तो ग्रुपवर टाकला आणि लगेच आईचा मेसेज आला, "फासे कसले? पैसे लावता का?" आई, एक सेंटसुद्धा लावत नाही. बाबांनी धर्मराजाचं नाव काढलं तेही कळलं. पण धर्मराजासमोर शकुनी होता, आमच्यासमोर माणूसच नसतो. आम्ही सगळे एका बाजूला, आणि विरुद्ध नुसता पुठ्ठ्याचा पट. जिंकलो तर सगळे जिंकतो, नाहीतर सगळे हरतो.

इथली ही एक तऱ्हा मला अजून पुरती उमगलेली नाही. मोठी माणसं, नातवंडंवाली, खेळायला म्हणून एकमेकांच्या घरी जातात, तेही आठवडे आधी डायरीत लिहून. सात म्हणजे सात. सातला पाच कमी असताना पोचलात तर खाली रस्त्यावर उभं राहायचं. जेवायला ब्रेड, चीज आणि काकडी. गरम काहीच नाही. मग यजमान चष्मा लावून नियमांची पुस्तिका मोठ्याने वाचतो. पाऊण तास! मध्ये कुणी शंका काढली की मागची पानं उलटतात, आणि ज्यांना ऑफिसात आवाज चढवताना कुणी पाहिलं नसेल ती माणसं एका नियमावरून तावातावाने भांडतात. 1979 पासून दरवर्षी इथे उत्तम खेळाला पुरस्कार मिळतो आणि ऑक्टोबरात एसेनला खेळांचा मोठा मेळा भरतो. आपल्याकडे पत्ते काढले की "अभ्यास नाही का?" हाच पहिला प्रश्न.

आता 'टेबलावर हिटलर कशाला?' हा बाबांचा प्रश्न. बाबा, तो मारण्यासाठीच आहे. खेळाचं नाव 'ब्लॅक ऑर्केस्ट्रा'. हिटलरविरुद्ध कट करणाऱ्या जर्मनांना गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, हेच नाव दिलं होतं. आपण प्रत्येकाने त्यातला एक खरा माणूस व्हायचं. कुणी कर्नल श्टाउफेनबर्ग, कुणी हेरखात्याचा प्रमुख कानारिस. मी पाद्री बोनहोफर घेतला. प्रत्येकापुढे दोन मोजपट्ट्या असतात, एक हिंमतीची आणि एक संशयाची. सुरुवातीला कुणातच हिंमत नसते. ती वाढवावी, स्फोटकं जमवावीत, तर तोवर संशयही वाढतो. गेस्टापोची धाड पडली की ज्याच्यावर संशय जास्त तो तुरुंगात. शेवटी हिटलरची सोंगटी जिथे असेल तिथे पोचून फासे टाकायचे. फाशांवर लक्ष्याची खूण असते आणि गरुडही असतो. गरुड जास्त आले की कट फुटला.

परवा आमचं सगळं जुळलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी फासे मुठीत धरले, फुंकर मारली (इथेही मारतात!) आणि टाकले. गरुडच गरुड. आजी शांतपणे म्हणाल्या, "खऱ्यातही असंच झालं," आणि काकडी खाल्ली.

झालं होतंच तसं. 1939 मध्ये म्युनिकला गेऑर्ग एल्झर नावाच्या सुताराने खांब पोखरून बॉम्ब ठेवला. हिटलर 13 मिनिटं आधी निघून गेला. मार्च 1943 मध्ये दारूच्या बाटल्या म्हणून त्याच्या विमानात बॉम्ब चढवला, तो उडालाच नाही. 20 जुलै 1944 ला श्टाउफेनबर्गने बैठकीत बॅग ठेवली, ती कुणीतरी टेबलाच्या जाड पायामागे सरकवली. बॉम्ब उडाला, चौघे गेले, हा वाचला. त्याच रात्री श्टाउफेनबर्गला बर्लिनमध्ये ज्या अंगणात गोळ्या घातल्या तिथे मी जाऊन आले. आता संग्रहालय आहे, तिकीट नाही. माझ्या पाद्र्याला 9 एप्रिल 1945 ला फाशी दिलं. महिन्याभरात युद्ध संपलं.

मग मीही त्यांना आपल्या नाशिकची गोष्ट सांगितली. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, 'शारदा' नाटकाचा प्रयोग, इंग्रज कलेक्टर जॅक्सन, आणि त्याला गोळ्या घालणारा, अठराही पूर्ण न झालेला अनंत कान्हेरे. लंडनहून लपवून आणलेली पिस्तुलं, मागाहून झालेली धरपकड, कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे यांना ठाण्याला झालेली फाशी. बाबा, लहानपणी स्कूटर थांबवून तुम्ही सांगायचात आणि मला मात्र भेळभत्त्याची घाई असायची. इथे सगळे ऐकत राहिले. आजींनी विचारलं, "तुमच्याकडे याचा खेळ नाही?" म्हटलं, आमच्याकडे त्याच्या नावाचं मैदान आहे, तिथे क्रिकेट चालतं.

खेळात एक बरं असतं. कुणाची पट्टी कुठवर आली ते सगळ्यांना दिसतं. तुमचं तसं नाही. बाबांची अँजिओप्लास्टी मला मावशीच्या तोंडून निसटलेल्या वाक्यातून कळावी? दादा, वहिनी, आई, सगळे एक. "ती एकटी आहे, काळजी करेल." अगं आई, मी नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांचं बीपी मोजते. रागावलेली नाही, पण रिपोर्टचे फोटो दादाने आजच पाठवावेत, आणि रक्त पातळ करायची गोळी बाबांनी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ऐकताय ना?

दादाच्या खात्यात ऐंशी हजार टाकलेत. आधी हॉस्पिटलचं उसनं फेडा, उरलं तर माझ्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता. गाडीचं नंतर बघू. दिवाळीला येणं जमत नाही. रजा मुलं असलेल्यांना आधी मिळते आणि ते मला पटतंही. फराळ पोस्टाने पाठवू नकोस, खर्च फार येतो. बरं, चकल्या पाठव थोड्या.

गंगापूर रोडच्या स्थळाला नाही कळव. मुलगा चांगला असेल, पण फोटोवरून मी हो म्हणणार नाही आणि त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. आणि फोटोत माझ्या शेजारी बसलेला मुलगा वॉर्डातला फिजिओथेरपिस्ट आहे, एवढंच. इथलाच आहे, जेवण आपलं आवडतं, आणि फेब्रुवारीत मी येईन तेव्हा त्यालाही द्राक्षांचे मळे बघायचेत. तो हॉटेलातच उतरेल. बाबांना हे तूच सांग, पण डॉक्टरांची पुढची तपासणी झाल्यावर.

तुमची,
छकुली

ता. क. मावशीला यातलं काही सांगू नकोस.