बेल्ट घसरतच नव्हता रे

कोल्हापूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

संज्या,

पाडव्याला तुझा फोन आलेला, उचलला नाही, नंतर करू म्हणून राहिलं ते राहिलंच. चार महिने झाले. रागावला असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू सांग. हिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "म्हणजे गाडी चालू झाली का नाही?" आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर बरी आहे, बाकी सगळे मजेत.

तर जिप्सी. मेच्या शेवटी साखरप्याहून आंबा घाट चढताना एकदम मेली. म्हणजे बंद नाही पडली, पण जीवच नाही, सेकंडला सुद्धा ओढेना, कार्बोरेटरमधून फाटफाट आवाज आणि टेंपरेचरचा काटा वर. कव्हर काढलं तर बेल्टने क्रँकच्या तालावर फिरून व्हॉल्व्ह उघडणारा जो कॅम, त्याची खूण एक दाता मागे. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकचं पुढचं सील गळत होतं, बेल्ट तेलात भिजलेला. म्हटलं सापडलं! सील टाकलं, बेल्ट नवा, तो ताणून धरणारा टेन्शनर नवा, स्प्रिंगसुद्धा नवी. टेन्शनर ढिला ठेवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, स्प्रिंगला ताण घेऊ दिला, मग आवळला, अगदी तू शिकवलंस तसं. गाडी पळाली भावा, नाद खुळा.

तीनशे किलोमीटर. मग परत तेच.

आणि इथून माझं डोकं फिरायला लागलं, कारण परत कव्हर काढलं तर सगळ्या खुणा जागच्या जागी. कॅम बरोबर, खालचं गिअर बरोबर, ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावला तर तोही म्हणतो बरोबर. मला वाटलं बेल्ट घसरतो आणि फिरवताना परत जागेवर बसतो, असलं काहीतरी.  उद्यमनगरात तिघांनी तीन कारणं सांगितली. एक म्हणाला हेड फेसिंग केलंय ना, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केलाय, कॅम-क्रँकमधलं अंतर कमी झालं म्हणून. अरे चाळीस थाऊ, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, फेसिंग केलं तर कॅम मागे जाईल हे खरं, पण किती, क्रँकवर दोनेक डिग्री, आणि ते पहिल्या दिवशी जेवढं असेल तेवढंच राहणार, पुढे वाढणार कसं? दुसरा म्हणाला व्हॉल्व्हच्या डबल स्प्रिंगा काढून टाक. (हो, तू पण हेच म्हणालेलास. पण लेका तेव्हा सात हजार आरपीएमचं वेड तुलाच होतं, मला नव्हतं, हे एकदा कबूल कर.) तिसरा म्हणाला विकून टाक. त्याच्याकडे परत गेलो नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं. चारही सिलिंडर एकशेतीस पीएसआयच्या आसपास. गेल्या वर्षी एकशेपासष्ट होते. एखादा कमी असता तर व्हॉल्व्ह म्हटलं असतं, गॅस्केट म्हटलं असतं, पण चारही सारखेच खाली म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतोय. म्हणजे कॅम मागेच आहे. आणि खुणा म्हणतात नाही. तीन रात्री झोपलो नाही खरंच.

आज सकाळी तुझी पत्र्याची पेटी उघडली. त्यात तो प्लग सापडला, आतलं चिनीमातीचं फोडून काढून तू मधून बोल्ट घातलेला. पोरीच्या कंपासातला कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवून पुलीवर लावला, तुझा प्लग एक नंबरच्या भोकात पिळला, क्रँक हळू फिरवला, पिस्टन बोल्टला टेकला, खूण केली, उलटा फिरवला, परत टेकला, खूण केली. दोन्हीच्या मधोमध खरा टीडीसी, पिस्टन अगदी वर असतो ती जागा. आणि पुलीवरची टीडीसीची खाच तिथून बारा डिग्री लांब!

मी तिथेच खाली बसलो. बेल्ट पहिल्यांदा घसरला असेल, तेलाने. नंतर एकदाही नाही. गिअर, पुली, बेल्ट, कॅम, कॅमच्या मागे बसलेला, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, सगळी वरात एकत्रच मागे सरकत होती, म्हणून एकमेकांशी सगळे जुळत होते, टायमिंग लाइटसुद्धा. फक्त क्रँकशी जुळत नव्हते. तू म्हणायचास ना, "खुणेला विचारू नको, पिस्टनला विचार."

क्रँकचा बोल्ट पान्याला जोर न लावता सुटला. आत लालसर भुकटी, गंज आणि घासलेलं लोखंड. गिअरला क्रँकवर धरून ठेवणारी लोखंडी चावी अर्धी कातरलेली, पायरी पडलीय तिला. क्रँकवरचा चावीचा गाळा एका बाजूने ठोकून ठोकून रुंद झालाय, बोटाचं नख आत जातं.

आता जे सांगायचंय ते. तो बोल्ट मी आवळलेला. शेडमध्ये, रात्री दोन वाजता. तू म्हणालास आटे पूस, टॉर्क रेंच लावून मोजून आवळ, मी म्हटलं एवढं काय, आणि पान्याला पाईप घालून ओढला. त्यावरून आपण जे बोललो ते नको होतं बोलायला. तू रेंच उचलून गेलास आणि पंधरा दिवसांनी मस्कतला. तुझं बरोबर होतं संज्या. हे मला तोंडावर सांगायला पाहिजे होतं, पत्रात लिहितोय.

आता काय करू सांग. लेथवाले मामा म्हणतात क्रँक बाहेर काढ, गाळा भरून परत काढून देतो, पण म्हणजे अख्खं इंजिन खाली. दुसरं म्हणजे पायरीची चावी बनवून लॉकटाइट ६६० हा घट्ट होणारा गोंद भरून बसवायची, झिजलेल्या गाळ्यांसाठीच असतं ते. पण त्या स्प्रिंगा, त्या कॅमवर, घाटात, मला धीर होत नाही. अर्धी गाडी तुझी आहे, तू म्हणशील ते. तोपर्यंत ताडपत्री घालून ठेवतो.

चिऊची दहावी झाली ना, किती पडले? वहिनींची नोकरी परत सुरू झाली असं आईकडून कळलं, छान झालं. तुझं पाठीचं बघ.

दिवाळीला येशील तर रेंच घेऊन ये. नवा घेता येतो मला, पण तो नको.

तुझा,
बाळ्या