शेगडी पेटवण्याआधी धुराडं मोजा

ती. आई-बाबांना सा. न.

नवी लाकडाची शेगडी घरात आली आहे आणि ती जुन्या धुराड्याला जोडून या आठवड्यातच पेटवायची, असं बाबा फोनवर म्हणाले. बाबा, थोडं थांबा. शेगडी नवी असली तरी धुराला वर ओढ देणारं धुराडं जुनंच आहे, आणि ते तिच्यासाठी बांधलेलं नाही.

ते बांधलं भिंतीतल्या उघड्या जाळासाठी. उघड्या जाळाबरोबर खोलीतली भरपूर हवा वर जाते, म्हणून पोकळी रुंद ठेवलेली असते. बंद दाराची शेगडी मोजकीच हवा घेते. तिचा थोडासा धूर त्या रुंद पोकळीत पसरतो, रेंगाळतो आणि गार होतो. तो साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातली वाफ आणि डांबरासारखा अंश भिंतीला चिकटतो. यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी ती भुसभुशीत काजळी असते, मग तिचा चकचकीत काळा थर होतो आणि तो ब्रशनेही सुटत नाही. हा थर पेटला तर आतलं तापमान 1000 अंशांच्या पुढे जाऊ शकतं. धुराड्याच्या आतल्या मातीच्या नळ्या तडकतात आणि फटींतून आच छताच्या लाकडापर्यंत पोचते. मला भीती आहे ती याचीच.

म्हणून आधी मापं घ्या. शेगडीच्या धूर सोडणाऱ्या तोंडाचा व्यास 6 इंच असेल, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस इंच होतं. धुराडं घराच्या आतून वर जात असेल तर पोकळी याच्या तिपटीहून मोठी नको, आणि बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीहून मोठी नको, कारण बाहेरचं धुराडं लवकर गार पडतं. आतून 12 बाय 12 इंच भरलं तर ते 144 चौरस इंच झालं, म्हणजे पाचपट. तेवढं असेल तर आत स्टेनलेस स्टीलची 6 इंची नळी, म्हणजे लायनर, सोडायचाच. शेगडीच्या तोंडाएवढाच व्यास, वरपासून खालपर्यंत अखंड, 316 ग्रेडच्या स्टीलचा, आणि त्याभोवती अर्धा इंच जाडीचं सिरॅमिक लोकरीचं वेष्टन. वेष्टन महाग वाटेल, पण धूर गरम राहतो तो त्याच्यामुळेच. तिथे काटकसर करू नका. खाली टी-जोड, म्हणजे T आकाराचा जोड, आणि त्याला काढता येणारं झाकण हवं, म्हणजे काजळी तिथून काढता येईल. वर लायनर धरून ठेवणारी पत्र्याची बैठक, आणि पाऊस व पक्षी अडवणारी टोपी.

लायनर सोडण्याआधी जुनं धुराडं ब्रशने पूर्ण साफ करून घ्यायचं. तळाच्या दारातून आरसा आणि बॅटरी धरून गळलेला चुना, तडे आणि घरटी बघायला सांगा. जुन्या शेगड्यांची भोकं नुसत्या पत्र्याच्या झाकणाने बंद असतील तर ती विटा आणि मसाल्याने बुजवा. तिथून गार हवा शिरली की ओढ जाते. दुसरं कुठलंही तापवणारं उपकरण या नळीला जोडायचं नाही. धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथून किमान 3 फूट उंच हवं, आणि आडव्या 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट वर.

आता शेगडीपासून भिंतीपर्यंतची नळी. इथे चुका सर्वांत जास्त होतात. काळ्या पोलादाची, 24 गेजची (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा) घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा अजिबात नको, तापल्यावर त्यातून विषारी वाफ निघते. चुण्या पाडलेलं टोक खाली, शेगडीच्या दिशेने ठेवायचं. कामगार ते हमखास उलटं बसवतात, आणि मग ओघळणारं डांबर सांध्यातून बाहेर येतं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. आडव्या भागाला दर फुटाला पाव इंच चढ. काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. एकेरी पत्र्याच्या नळीपासून लाकूड, पडदे, सगळं 18 इंच दूर. नळी लाकडी भिंतीतून जाणार असेल तर भोकाभोवती 12 इंच विटांचं काम लागेल. शेगडीच्या माहितीपत्रकात वेगळी अंतरं दिली असतील तर तीच पाळायची.

पहिले दोन-तीन जाळ अगदी लहान आणि खिडक्या उघड्या. नवा रंग तापून बसताना वास येतोच. धूर खोलीत परतला तर धुराडं गार आहे. वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून नळी आधी तापवा. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा त्या वेळी बंद ठेवा, तो हवा उलटी ओढतो.

आई, लाकडांचं तू बघ. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. मीटर टोचायचा तो ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला. बाहेरची साल फसवते. रात्रभर टिकावं म्हणून हवा कोंडून जाळ धुमसत ठेवू नकोस, क्रिओसोट तिथेच वाढतं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत आणि घराबाहेर. निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र पहिल्या जाळाआधी लागलाच पाहिजे, त्या वायूला वास नसतो.

बाबा, छपरावर तुम्ही चढायचं नाही. धुराड्यातला क्रिओसोटचा थर 3 मिलिमीटर झाला की साफ करणाऱ्याला बोलवा. पहिल्या हंगामात दर महिन्याला बघा.

रविवारी फोन करीन तेव्हा तीन मापं सांगा: शेगडीच्या तोंडाचा व्यास, पोकळीची आतली लांबी-रुंदी आणि तळापासून टोपीपर्यंतची उंची. लायनर त्यावरूनच मागवता येईल.

तुमची लेक