ओट्यावरचं पोतं

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर घर्षणाच्या गणिताचं सांगता सांगता तू मधेच गप्प झालीस. 10 किलोची पेटी, म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक 0.4, आडवा जोर 20 न्यूटन, तर घर्षण किती? तू 39.2 लिहिलंस आणि गुण गेले. "बाबा, सूत्र तर बरोबर होतं ना," म्हणालीस. सूत्र बरोबरच होतं बेटा, पण ते तिथं लागत नव्हतं. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. मी बारावी सायन्सपर्यंतच शिकलो, पण हा धडा माझ्या फार आवडीचा. म्हणून आज सकाळी ओट्यावर करूनच पाहिलं.

तूर परवाच घरी आली. तागाच्या पोत्यात मोजून 20 किलो भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि वेचणीचा कापूस तोलतो तो तबकडीचा काटा गाठीत अडकवला. पोतं सिमेंटवर. मी काटा आडवा धरून ओढतो, तुझी आई आकडा वाचते. दोन, काही नाही. पाच, काही नाही. आठ, दहा, तरी पोतं ढिम्म. अकराला सुतळी करकरली आणि पोतं सरकलं. सरकल्याबरोबर काटा नऊवर आला आणि ओढत होतो तोवर तिथंच थरथरत राहिला.

आता सांग, मी पाच किलोचा जोर लावला तेव्हा ओटा पोत्याला कितीनं धरून होता? पाचच. अकरानं धरलं असतं तर पोतं माझ्याकडून उलटं भिंतीकडं नसतं का गेलं? आठ लावले तर त्यानंही आठ लावले. आपण जेवढं ओढू तेवढंच तो अडवतो, पण त्याची ऐपत अकराची. त्या ऐपतीला सीमांत घर्षण म्हणतात, तुमचं लिमिटिंग फ्रिक्शन. म्यू गुणिले नॉर्मल रिअ‍ॅक्शन, म्हणजे जमीन वस्तूला खालून जेवढ्या जोरानं पेलते तो जोर, हे सूत्र त्या शेवटच्या आकड्याचं आहे. तुझ्या पेटीची ऐपत 0.4 गुणिले 10 गुणिले 9.8, म्हणजे 39.2 न्यूटन, ओढ 20 ची, म्हणजे पेटी जागची हलत नाही आणि घर्षण 20 न्यूटन. आधी ऐपत काढ, मग ओढ तिच्या आत आहे की बाहेर ते बघ.

अकरा भागिले वीस, 0.55, हा आपल्या ओट्याचा आणि तागाचा म्यू. सरकल्यावरचा नऊ भागिले वीस, 0.45. हलवायला जोर जास्त लागतो, हलतं ठेवायला कमी. पावसाळ्यात धुऱ्यावरची बाभूळ पडली होती, आठवते? खोडाला साखळी लावून बैलांनी ओढलं. किती वेळ नुसते खूर रुतत होते, आणि खोड एकदम सुटलं तसा तांबड्या पुढच्या गुडघ्यांवर आला. अडवणारा जोर कमी झाला, त्याची ओढ मात्र तेवढीच होती. मी तेव्हा त्याच्या पायाला हळद लावत बसलो, फिजिक्स सुचलं नाही.

मग पोत्यावर तेवढंच दुसरं पोतं ठेवलं. काटा बावीसला गेला. वजन दुप्पट, ऐपत दुप्पट. एकटं पोतं कुशीवर उभं केलं, टेकलेली जागा निम्मी झाली, तरी अकराच्याच आसपास. तुझ्या आईला हे पटेना, तिनं स्वतः ओढून पाहिलं. फ्रान्समध्ये आमोंतोंनं 1699 साली हेच मांडलं होतं आणि कूलोमनं 1785 साली पक्कं केलं. विजेच्या धड्यातला तो कूलोम हाच. कारण असं की वरून सपाट दिसलं तरी दोन पृष्ठभाग बारीक बारीक उंचवट्यांवरच टेकतात. खरी टेकलेली जागा वरच्या वजनाप्रमाणे वाढते, पोत्याच्या आकाराप्रमाणे नाही.

फळीवरही केलं. एक टोक उचलत गेलो, 5 फूट आडव्याला 2 फूट उंची झाली तेव्हा पोतं घसरायला लागलं. दोन भागिले पाच, लाकडावर म्यू 0.4. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच म्यू, हे तू वहीत सिद्ध करून बघ.

प्लास्टिकच्या कट्ट्यावर, म्हणजे प्लास्टिकच्या पोत्यावर, मी मुद्दाम मोजलं नाही. तो किती गुळगुळीत असतो तुला माहीत आहे, थप्पी लावताना कसा निसटतो तेही. संक्रांतीला आलीस की तू ओढ, मी काटा वाचतो. त्याआधी आकड्याचा अंदाज लिहून ठेव.

तुझे
बाबा