मागच्या बाकावरच्या खासदारबाईंना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फुरंगटूनच बोललीस. आईला त्यातून एवढंच समजलं की शाळेच्या युवा संसदेत तुझ्या मैत्रिणीला पंतप्रधान केलं, दुसरीला लोकसभेचं अध्यक्षपद मिळालं आणि तुला विरोधी बाकावर मागच्या रांगेत बसवून एक प्रश्न हातात दिला. ‘मला एकच वाक्य आहे’ हे मात्र तू तीनदा सांगितलंस. तुझ्या मागे फोनसाठी रांग असते, म्हणून पत्र लिहितो.

नोकरी लागल्यापासून मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात आहे. इतक्या वर्षांत किती मंत्र्यांची किती भाषणं झाली असतील. त्यातल्या एकाही भाषणाने आमच्या टेबलावरची फाइल बोटभरही सरकलेली मी पाहिली नाही. पण ‘तारांकित आलाय’ एवढे दोन शब्द कोणी दारातून ओरडलं की सगळं ऑफिस उठून उभं राहतं. तारांकित म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो. अधिवेशन नागपूरला असो की मुंबईला, त्या काळात आमच्या रजा बंद. विधानमंडळाकडून प्रश्न मंत्रालयात जातो, तिथून जिल्हा परिषदेत, मग पंचायत समितीत, शेवटी गावच्या ग्रामसेवकापर्यंत. आणि माहिती ‘आजच, सायंकाळी पाचपर्यंत’ हवी असते. दोन वर्षं जे कपाट उघडलं नव्हतं त्याची किल्ली त्या दिवशी सापडते. ज्या गावच्या टाकीकडे कोणी फिरकलं नव्हतं तिथे उपअभियंता स्वतः जाऊन फोटो काढून आणतो.

हे सगळं कशामुळे? विरोधी बाकावरच्या कुणीतरी आमदाराने विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

आपल्या विधानसभेत हे प्रश्न कसे छापलेले असतात ते तुला सांगायला हवं. ‘मौजे अमुक येथील पाणीपुरवठा योजना बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ भाषा रुक्ष आहे, पण नीट बघ. मंत्री कुठल्याही फाट्याने गेला तरी पुढे एक प्रश्न उभाच आहे. मंत्र्याला एकच सोपी वाट उरते, पहिल्याच ओळीत ‘हे खरे नाही’ म्हणायचं. मग खालच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर देऊन मोकळं. म्हणून तयारीचे आमदार पहिली ओळ अशी लिहितात की ती नाकारताच येऊ नये. तारीख, गावाचं नाव, पत्राचा क्रमांक. तेव्हा नाइलाजाने ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर येतं आणि आम्ही समजतो की आता काहीतरी हलणार.

लोकसभेचे नियमही याच धाटणीचे. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको, कुणावर आरोप नको, जर-तर नको. दिवसाला तारांकित प्रश्न वीसच, तेही सोडतीने ठरतात. तुझ्यासारख्या वादात हार न मानणाऱ्या मुलीला टोमणा नको हा नियम जड जाईल, पण पाळून बघ. टोमणा मारला की मंत्री टोमण्यालाच उत्तर देतो आणि प्रश्न बाजूला राहतो.

१९५७ सालचं मुंदडा प्रकरण कदाचित तुमच्या सरांनी सांगितलं असेल. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले होते. लोकसभेत त्यावर प्रश्न आले, सरकारकडून गोलमोल उत्तरं आली. मग डिसेंबरात फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, वर पंतप्रधानांचे जावई. त्यांनी अभ्यास करून विषय असा मांडला की न्यायमूर्ती छागला यांची चौकशी नेमावी लागली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधी तेव्हा कोणत्याही खात्याचे मंत्री नव्हते हे तुझ्या पंतप्रधान मैत्रिणीला जरूर सांग. (नको, सांगू नकोस. भांडाल.)

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ‘देशातील पाणीटंचाई दूर करण्यासाठी सरकार काय करत आहे?’ असा तुला दिलाय ना? याला उत्तर म्हणून मंत्री दहा मिनिटं योजनांची नावं वाचेल, सत्ताधारी बाकं वाजवतील आणि परीक्षकांना वाटेल छान झालं. सरांना विचारून तो बदलून घे.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. २०२४ पर्यंत खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ द्यायचा होता, पुढे ती मुदत २०२८ पर्यंत वाढवली. कागदावर नळजोडणी म्हणजे माणशी रोज ५५ लिटर पाणी. आपल्या मामाच्या गावी नळ आहे, तोटी चकचकीत आहे, आणि उन्हाळ्यात टँकर पण आहे, हे तू दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत बघितलंयस. मग विचार: नळजोडणी दिलेल्या घरांपैकी किती घरांना उन्हाळ्यातही रोज ५५ लिटर पाणी मिळतं याची तपासणी सरकारने केली आहे काय? असल्यास, त्यात काय आढळलं? नसल्यास, ती कधीपर्यंत करणार? बस्स. यात कुणाला शिवी नाही, पण मंत्र्याला योजनांची नावं वाचून सुटता येणार नाही. हिंदीत बोलायचं आहे तर ‘क्या यह सच है कि’ने सुरुवात कर, म्हणजे उच्चार अडणार नाही.

दुसरी गोष्ट उपप्रश्नाची, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. मंत्र्याला खरी धास्ती छापील प्रश्नाची नसते, त्यानंतर सभागृहात अचानक येणाऱ्या उपप्रश्नाची असते. म्हणून आम्ही उत्तराबरोबर ‘पूरक टिप्पणी’ पाठवतो. कोण काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून पानंच्या पानं भरायची. छापील उत्तर चार ओळींचं आणि टिप्पणी चाळीस पानांची, असंही होतं. तुमच्या युवा संसदेत मात्र प्रश्न, उत्तर आणि उपप्रश्न सगळं आधीच लिहून पाठ करून घेतात. तासाभरात शपथविधीपासून विधेयकापर्यंत सगळं बसवायचं म्हणजे सरांचाही इलाज नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी गोंधळ झाला तर गुण जातात. पण सराव सुरू आहे तोवर एकदा तरी सरांना म्हणून बघ: उपप्रश्न मंत्र्याला आधी सांगायचा नाही. पाणीपुरवठा मंत्री झालेल्या मुलाला स्वतः पूरक टिप्पणी तयार करू दे, ग्रंथालयात बसू दे. तू तीन उपप्रश्न लिहून ठेव आणि त्याच्या उत्तरावरून ठरव कोणता विचारायचा. त्यासाठी त्याचं उत्तर ऐकावं लागेल. आपली ओळ आठवत बसलीस तर जमणार नाही.

सर हो म्हणाले तर लगेच कळव. मी आमच्या जुन्या टिप्पण्यांवरून मंत्री कसे निसटतात त्याचे चार नमुने लिहून पाठवतो. त्या मंत्रिमुलाला दाखवायचे नाहीत.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि नवीन स्वेटर दिलाय, रविवारी भेटीला येताना आणतो. प्रश्न तोवर लिहून ठेव, दीडशे शब्दांच्या आत.

तुझे,
बाबा