राखाडी रंग म्हणजे आजार नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या बोटीच्या सागवानी डेकचे, म्हणजे वर चालायच्या फळ्यांच्या पृष्ठभागाचे, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो पाहिले. आधी राख फासल्यासारखा, नंतर मधासारखा. सोबत सल्ला: प्रेशर वॉशर मारा, वर सागाचे तेल लावा. मला पहिल्या फोटोतला डेक जास्त धडधाकट वाटला, म्हणून हे पत्र.

बोट घेतली तेव्हा मीही हेच केले. फवारा जाईल तिथे लाकूड उजळते, मोठी मजा वाटते. वाळल्यावर अनवाणी चाललो तेव्हा डोळे उघडले. लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग पाण्याने उकरून नेला होता. नख फिरवले तर कंगव्यावरून फिरवल्यासारखे. ते सपाट करायला पॉलिश पेपर, म्हणजे आणखी लाकूड गेले. मूळच्या 12 मिलिमीटरच्या फळ्या असल्या दोन-तीन हौशींत 8 वर आल्या. मग स्क्रूंच्या डोक्यांवरची बटणाएवढी लाकडी बुचे सुटू लागली. एक तर माझ्या टाचेला चिकटून आले. त्या भोकांतून पाणी खाली उतरले. सागाला काही झाले नाही, खालचा प्लायवूड कुजला.

उन्हाने सागाचा फक्त वरचा थर राखाडी होतो, तोही कागदाएवढा. आतला तेलकट साग जसाच्या तसा असतो. 1817 साली मुंबईच्या गोदीत सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

'सागाचे तेल' हे नावच फसवे. डब्यात बहुतेक वेळा जवसाचे किंवा टुंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल आणि ते पातळ करणारे द्रव असते. थोडे दिवस झळाळी, मग काळपट थर, आणि दमट हवेत त्यावर बुरशी. कठड्याला किंवा सुकाणूच्या दांड्याला चमक हवीच असेल तर ॲसिटोनने पुसून व्हार्निश द्या. पहिला हात पातळ, पुढे सहा-सात. डेकला मात्र नको, ओल्यात पाय सरकतो.

मी आता मऊ ब्रश आणि खारे पाणी वापरतो, तेही रेषांना आडवे घासून. उभे घासले की मऊ भाग निघतो. गंजाच्या डागापुरते ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून, नंतर भरपूर पाणी. स्टील वूलला (घासायच्या बारीक पोलादी तारांच्या गुंत्याला) हात लावत नाही, त्याचा चुरा लाकडात अडकून गंजतो. उरलेला वेळ फळ्यांच्या सांध्यांना देतो. तिथला काळा रबरी मसाला कडेने सुटला असेल तर खरवडून नवा भरतो, पण आधी तळाशी पट्टी लावून. मसाला दोन्ही बाजूंनाच धरला पाहिजे. तळालाही चिकटला तर फळी फुगता-आकसताना तो फाटतो.

एक विनंती: त्याच डेकचा फोटो पाच वर्षांनी पुन्हा छापावा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

– एका जुन्या बोटीचा मालक