राजाच्या बंदीनेच शाप फळला

परीकथांमधील भाकिते मुलांना दैववादी बनवतात, असे मांडणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. पटला नाही. शार्ल पेरो यांच्या १६९७ मधील निद्रिस्त राजकन्येच्या कथेत आमंत्रणातून वगळली गेलेली म्हातारी परी शाप देते, की टकळी टोचून राजकन्या मरेल. दुसरी परी मरणाऐवजी शंभर वर्षांची झोप देते. घाबरलेला राजा टकळीवरच बंदी घालतो, तीही देहदंडाची! त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांनी मनोऱ्यात सूत कातणारी वृद्धा दिसताच राजकन्या विचारते, हे काय करता, आणि कुतूहलाने टकळी हातात घेते. बंदीची दवंडी त्या वृद्धेच्या कानी गेलेलीच नसते! आपल्या कंसानेही देवकीला कोंडून वेगळे काय साधले? दैवापेक्षा सत्ताधाऱ्याच्या धास्तीचीच ही फजिती लेखात यायला हवी होती.

– एक वाचक, सातारा